‘मी कसा आहे’ आणि ‘मी कसा असावयास हवा’ : चारचौघांतील भीतीविषयी

आमच्या विद्यालयाचा परिपाठ माजी विद्यार्थ्यांना वेगळा सांगावयास नको. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या आणि शेवटी बोधकथा. हजेरीपटाच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याची पाळी येते. काही वर्षांपूर्वी इयत्ता आठवीत एक मुलगा होता. त्याचे अक्षर साऱ्या शाळेत देखणे; दर्शनी फळा तोच लिहीत असे. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत तो आम्हांस जे लिहून देई, ते वाचून पुष्कळदा आम्हीच विचारात पडत असू. मात्र बातम्या वाचण्याची पाळी आली, की त्या दिवशी पहाटेपासून त्याच्या पोटात दुखे. पहिल्या वेळी आम्ही त्यास ओवा दिला, दुसऱ्या वेळी दवाखान्यात पाठविले, तिसऱ्या वेळी रागावलो आणि चौथ्या वेळी हात धरून व्यासपीठावर आणून उभे केले. तो उभा राहिला. कागद छातीपाशी धरला. तीन-चार मिनिटे गेली. मुले हसली नाहीत, हे आम्ही आवर्जून नोंदवितो. अखेर आम्हीच कागद घेऊन बातम्या वाचल्या. त्या सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात आम्ही शेरा लिहिला : ‘हुशार, पण न्यूनगंड आहे. सभाधीटपणा वाढवावा.’

तो शेरा लिहिताना आपण काही निदान केले, असे समाधान आम्हांस वाटले होते. ‘न्यूनगंड’ हा शब्द ऑस्ट्रियातील आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या विचारातून आपल्याकडे आला आणि शिक्षकांच्या इतक्या सोयीचा ठरला, की गप्प बसणाऱ्या प्रत्येक मुलावर आम्ही तो चिकटवीत आलो. त्याच्याने फारसे काही उलगडत नाही. उलट, दोष मुलातच आहे एवढे मात्र घरच्यांना कळविले जाते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. मानसशास्त्र आमचा विषय नव्हे. तरीही या मुलामुळे त्या विषयातील जे थोडे वाचले व तपासून पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बुजरेपणा हा आजार नव्हे. नव्या माणसांत थोडे अवघडणे, बोलण्यापूर्वी घसा कोरडा पडणे, हे बहुतेकांना होते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. ज्यास वैद्यकशास्त्र सामाजिक चिंता किंवा ‘सोशल अँक्झायटी’ म्हणते, ती अवस्था निराळी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र स्थान मिळाले ते 1980 साली. आता असे मानतात, की लोक आपल्याला पाहतील, जोखतील आणि हीन ठरवतील ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहिली आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, मैत्री अडू लागली, तर तिची दखल घ्यावी. ही भीती केवळ भाषणाची नसते. कुणासमोर जेवणे, कुणी पाहत असता सही करणे, दुकानात वस्तू परत करणे, फोन उचलणे, यांचीही असते. ती बहुधा किशोरवयात सुरू होते. वसतिगृहाच्या भोजनगृहात सर्वांत शेवटी येऊन सर्वांत आधी उठणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यांना भूक कमी, असे आम्ही समजत होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. माणसाच्या मनात स्वतःचे चित्र एकच नसते. विल्यम जेम्स यांनी 1890 सालच्या आपल्या ग्रंथात आत्मसन्मानाचे एक गणितच मांडले होते : मिळालेल्या यशाला आपल्या अपेक्षांनी भागावे, म्हणजे आत्मसन्मान मिळतो. अपेक्षा वाढली की तेच यश अपुरे वाटू लागते. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, 1987 साली, टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना बारकाईने फोडून दाखविली. त्यांच्या मते आपण तीन ‘स्व’ बाळगून असतो. पहिला, प्रत्यक्ष स्व : मी आहे असे मला वाटते तो. दुसरा, आदर्श स्व : मला व्हावेसे वाटते तो. तिसरा, कर्तव्य स्व : मी असावयासच हवे, नसलो तर चुकलो, असा. यात आणखी एक पदर आहे. ही चित्रे स्वतःच्या नजरेतून असतात, तशीच आई, वडील, गुरुजी, मित्र यांच्या नजरेतूनही असतात. ‘मला चित्रकार व्हायचे आहे’ हा माझा आदर्श. ‘बाबांना वाटते मी अधिकारी झालेच पाहिजे’ हे बाबांच्या नजरेतील कर्तव्य. दोन्ही एकाच मुलाच्या छातीत नांदतात.

हिगिन्स यांचे वैशिष्ट्य असे, की अंतर कोणत्या दोन ‘स्वां’मधले आहे यावर दुःखाची जात ठरते, असे त्यांनी म्हटले. प्रत्यक्ष आणि आदर्श यांत अंतर पडले, की माणूस खिन्न होतो. हाती यायचे होते ते आले नाही, अशी उदासी. प्रत्यक्ष आणि कर्तव्य यांत अंतर पडले, की तो अस्वस्थ होतो. आता काहीतरी शिक्षा होणार, कुणीतरी बोलणार, अशी धास्ती. निकालाच्या दिवशी वसतिगृहात हे दोन्ही चेहरे शेजारी शेजारी दिसतात. ऐंशी टक्के हवे होते आणि बहात्तर मिळाले म्हणून एक मुलगी खिडकीपाशी गप्प बसते. दुसरीलाही बहात्तरच मिळालेले असतात. पण तिला घरी फोन लावण्याचे धैर्य होत नाही, ती फोनच्या खोलीपर्यंत जाते आणि परत येते. गुण तेच, अंतराची दिशा वेगळी.

मोजण्याची त्यांची पद्धतही साधी होती. माणसाने आपले गुणविशेष एका कागदावर लिहावयाचे, आपण कसे असावे अशी स्वतःची इच्छा आहे ते दुसऱ्यावर, आणि कसे असलेच पाहिजे ते तिसऱ्यावर. मग कुठे जुळते व कुठे विरोध पडतो हे पाहावयाचे. टिमथी स्ट्रॉमन यांनी 1989 साली नैराश्याचे व सामाजिक भयाचे रुग्ण या दृष्टीने तपासले. नैराश्यग्रस्तांत आदर्शापासूनचे अंतर अधिक आढळले, तर चारचौघांना भिणाऱ्यांत इतरांच्या नजरेतील कर्तव्यापासूनचे. नंतरच्या सर्वच अभ्यासांत ही वाटणी इतकी स्वच्छ आढळलेली नाही. एक अंतर असलेल्यास बहुधा दुसरेही असते, आणि खिन्नता व धास्ती हातात हात घालूनच येतात. तरीही स्वतःच्या चित्रांमधील अंतर जितके मोठे, तितके स्वास्थ्य ढासळते, एवढा धागा टिकून राहिला आहे.

पण हे अंतर तर जवळजवळ प्रत्येकास असते. मग एकास ते पुढे ढकलते आणि दुसऱ्यास जागीच खिळविते, असे का? याचे उत्तर आम्हांस 1995 सालच्या क्लार्क आणि वेल्स या इंग्रज अभ्यासकांच्या मांडणीत सापडले, आणि खरे सांगावयाचे तर त्या मुलाचे तीन-चार मिनिटांचे मौन आम्हांस प्रथम तेव्हा समजले. चारचौघांत उभे राहताच अशा माणसाचे लक्ष समोरच्या लोकांवरून उठते आणि स्वतःवर येऊन बसते. आपले हृदय धडधडते आहे, कान तापले आहेत, हे त्याला आतून जाणवते. आणि या जाणिवेतूनच तो बाहेरून आपण कसे दिसत असू याचे चित्र रंगवितो. ते चित्र तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाही, तर जणू समोर बसलेल्या परक्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहतो. समोरच्यांचे खरे चेहरे पाहावयास त्याला सवडच नसते. कुणी सहानुभूतीने पाहत असेल, कुणी जांभई देत असेल, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. 1997 साली रेपी आणि हाइमबर्ग यांनी हेच अंतराच्या भाषेत सांगितले : ‘लोकांना मी असा दिसतो’ हे मनातले चित्र आणि ‘लोकांची माझ्याकडून एवढी अपेक्षा आहे’ हे मनातले माप, यांमधील दरी म्हणजे ही चिंता. चित्रही स्वतःच काढलेले आणि मापही स्वतःच घेतलेले. प्रेक्षकाने यातील काहीही केलेले नसते.

पुढे आणखी एक गाठ बसते. चित्र झाकण्यासाठी माणूस युक्त्या करतो. वाक्य मनात दहादा घोळवून मग बोलतो, खाली पाहतो, कागद घट्ट आवळून धरतो, भरभर आटोपतो. या युक्त्यांमुळे बोलणे खरोखर तुटक होते, आणि समोरच्याला वाटते की याला आपल्याशी बोलावयाचे नाही. शिवाय प्रसंग निभावला, तर श्रेय युक्तीला जाते : कागद आवळला म्हणून वाचलो. ‘न आवळताही वाचलो असतो’ हा पडताळा कधी येतच नाही.

मनातील हे चित्र येते कोठून? हॅकमन, क्लार्क व मॅकमॅनस यांनी 2000 साली अशा रुग्णांना त्यांच्या चित्राविषयी विचारले, तेव्हा अनेकांनी ते एखाद्या जुन्या प्रसंगाशी जोडून दाखविले. अपमानाचा, थट्टेचा, चारचौघांतील फजितीचा प्रसंग, भीती जडू लागली त्या सुमाराचा. माणूस मोठा होतो, चित्र मात्र त्या वयाचेच राहते.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या गावी, आमच्या वस्तीत, ‘ण’ हा उच्चार नव्हता. आम्ही ‘पानी’ म्हणत होतो, ‘आनी’ म्हणत होतो, आणि त्यात काही उणे आहे हे आम्हांस ठाऊकही नव्हते. तालुक्याच्या गावी अकरावीत गेल्यावर एका वक्तृत्व स्पर्धेत आम्ही उभे राहिलो. विषय आवडीचा होता, तयारी चांगली होती. तिसऱ्या वाक्यात ‘आनी’ आले, आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी तो शब्द आमच्याच सुरात परत म्हटला. सभागृह हसले. परीक्षकांपैकी एक जणही हसले. आज आमचे वय पन्नासच्या पुढे आहे, इतिहासाची पदव्युत्तर पदवी आहे, तीस वर्षे वर्गात बोलण्यात गेली. आणि तरी एखाद्या परक्या सभेत ध्वनिक्षेपक हाती येताच पहिला ‘आणि’ उच्चारण्यापूर्वी आमची जीभ टाळूला चाचपून पाहते. श्रोत्यांत तेव्हा आम्हांस आजचे श्रोते दिसत नाहीत. मागचे बाक दिसतात.

आता यावर ‘हे सर्व तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे कुणी म्हणेल, तर तेवढ्यापुरते आमचे मानसशास्त्राशी भांडण आहे. ते सभागृह खरोखर हसले होते. लोक आपल्याकडे तुच्छतेने पाहतात ही भावना काहींच्या बाबतीत भ्रम असते; काहींच्या बाबतीत ती पिढ्यान्‌पिढ्यांची अचूक नोंद असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात शाळेतील वेगळे गोणपाट आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज न मिळणारे पाणी यांची हकीकत दिली आहे. त्या मुलाला ‘तुला उगाच वाटते’ असे सांगणारा गुरुजी खोटे बोलला असता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1903 साली याच अनुभवाला दुहेरी जाणीव असे नाव दिले : स्वतःकडे सदैव दुसऱ्याच्या, तोही तुच्छ लेखणाऱ्याच्या, डोळ्यांनी पाहावे लागणे. (या डुबॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी 1946 साली पत्रव्यवहार केला होता, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.) क्लार्क-वेल्स यांच्या नव्वद वर्षे आधी, प्रयोगशाळेविना, परक्या डोळ्यांनी स्वतःस पाहण्याची ही गोष्ट लिहिली गेली होती.

आपल्याच देशातील एक प्रयोग या संदर्भात ध्यानी घेण्याजोगा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना वाट शोधण्याची कोडी सोडवावयास दिली. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. जातीचा उल्लेख नव्हता, तेव्हा वरच्या व खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडविली. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखविली. त्यासरशी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच. बदलली ती केवळ ‘आता हे मला कोण म्हणून पाहत आहेत’ ही जाणीव. आपल्याला न्याय्य वागणूक मिळेल हा भरवसाच सुटला, अशीही एक कारणमीमांसा त्या अभ्यासातून पुढे आली. अशा मुलाच्या बाबतीत ‘आत्मविश्वास वाढवा’ हा उपदेश अर्धाच ठरतो. उरलेला अर्धा उपदेश मागच्या बाकांवरच्यांना करावयाचा असतो.

मात्र दोष नेहमी बाहेरच्यांचाच असतो, असेही म्हणता येत नाही. आम्ही स्वतः दर 14 एप्रिलला अनेक वर्षे एकच भाषण केले : बाबासाहेबांनी कंदिलाच्या उजेडात अठरा-अठरा तास अभ्यास केला, तुम्हांला विजेचे दिवे आहेत, पुस्तके आहेत, दोन वेळचे जेवण आहे, आणि तरी तुम्ही... या ‘तरी तुम्ही’पुढे काय येते, हे प्रत्येक माजी विद्यार्थ्यास पाठ असेल. हिगिन्स वाचल्यावर आम्हांस कळले, की आम्ही आदर्श उचलून कर्तव्याच्या रकान्यात ठेवीत होतो. जे चित्र पाहून मुलाने म्हणावयाचे होते ‘माझ्यासारख्याच एका मुलाने हे केले’, ते पाहून तो म्हणू लागला ‘एवढे मी केलेच पाहिजे, नाहीतर मी कृतघ्न’. आपल्या घरांत पहिल्या पिढीचा शिकणारा मुलगा केवळ स्वतःसाठी शिकत नसतो. आईची मजुरी, बहिणीची सुटलेली शाळा, समाजाचे ऋण, सारे त्याच्या एका उत्तरपत्रिकेवर बसलेले असते. ऋणाची जाणीव असावी, याविषयी आमचे दुमत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाकडून त्याची वसुली परिपाठातच करावी, असे आता आम्हांस वाटत नाही.

ही भीती मुरत गेली म्हणजे आयुष्याचे काय होते, हे माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. तोंडी परीक्षा असलेला अभ्यासक्रम टाळला जातो. मुलाखतीचे पत्र येते, त्या दिवशी गाडी चुकते. बढती नाकारली जाते, कारण बैठकीत बोलावे लागेल. लग्नकार्यांना जाणे सुटते, लोक म्हणतात साहेब झाला आणि विसरला. काहींना चार लोकांत बसण्यासाठी आधी दोन घोट लागतात, आणि मग दोनावर थांबत नाही. एकटेपणातून पुष्कळदा नैराश्यही येते.

यावर उपाय आहेत, आणि ते केवळ धीर देण्याचे नाहीत. विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती या भीतीवर सर्वाधिक उपयोगी ठरली आहे. गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. त्या पद्धतीतील एक भाग आम्हांस विशेष वाटतो. माणसाला थोडे बोलावयास लावून त्याचे चित्रीकरण करतात. ते दाखविण्यापूर्वी त्याला विचारतात, की तुम्ही किती थरथरलात, किती लाल झालात, किती वेळ थांबलात, ते आधी सांगा. मग तो स्वतःस परक्या माणसासारखे पाहतो. मनातले चित्र आणि पडद्यावरचे चित्र शेजारी ठेवली जातात, आणि बहुधा पडद्यावरचा माणूस बराच बरा निघतो. दुसरा भाग युक्त्या सोडून देण्याचा : कागद सैल धरावा, लक्ष आतून काढून समोरच्याच्या चेहऱ्यावर, त्याच्या शब्दांवर ठेवावे, आणि हे लहान प्रसंगापासून चढत्या क्रमाने करावे. एकदम व्यासपीठावर ओढून आणणे हा उपचार नव्हे. आम्ही तो करून पाहिलेला आहे.

कॉर्नेल विद्यापीठातील दोन प्रयोग मुलांना फार आवडतात, म्हणून वर्गात आम्ही ते सांगतो. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे चित्र असलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठविले, आणि किती जणांनी ते चित्र ओळखले असेल असे विचारले. त्याचा अंदाज निम्म्यांच्या जवळपास होता. प्रत्यक्षात ओळखणारे त्या अंदाजाच्या निम्मेच होते. दुसऱ्या प्रयोगात भाषण करणाऱ्यांना आधीच सांगितले, की तुमची आतली धडधड बाहेर तुम्हांला वाटते तितकी दिसत नाही. एवढ्या माहितीनेच त्यांची भाषणे सुधारली, असे त्यांना स्वतःला आणि ऐकणाऱ्यांनाही वाटले. पालकांनी घरी निदान एवढे तरी सांगावे. आणि पाहुण्यांसमोर ‘आमचा हा फार लाजाळू’ अशी ओळख करून देणे थांबवावे. मूल ते कर्तव्यासारखे पाळू लागते. बोलण्याजोगे कुणी जवळ नसेल, तर शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते.

तो मुलगा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन गेला. मध्यंतरी तो भेटावयास आला होता. आता नोकरीत आहे, टेबलाचे काम आहे, लोकांशी फारसा संबंध येत नाही, असे त्यानेच सांगितले. आम्ही धीर करून त्या सकाळचा विषय काढला आणि आमची चूक कबूल केली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, बातमी मला पाठ होती. पण माझ्या हातातला कागद असा थरथरत होता, की मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होतं.” आम्ही त्या दिवशी त्याच्यापासून तीन हातांवर उभे होतो. कागद थरथरलेला आम्हांस दिसला नव्हता. हे आम्ही त्यास सांगितले. त्याचा विश्वास बसला असे वाटले नाही.

परिपाठात आता पाळीची सक्ती नाही. बातम्या दोघे मिळून वाचतात. त्याआधी आठवडाभर आपल्याच खोलीतील सात-आठ जणांपुढे वाचून पाहतात. उच्चारावरून कुणी कुणाच्या मागे शब्द परत म्हटला, तर त्या दिवशीच्या बातम्या त्यालाच वाचाव्या लागतात. बहुतेक मुले महिन्या-दोन महिन्यांत व्यासपीठापर्यंत येतात. यंदा सातवीत एक मुलगी आहे. ती खोलीत छान वाचते, दारापाशी उभी राहूनही वाचते; पटांगणात अजून आलेली नाही. कधी येणार, असे आम्ही तिला विचारीत नाही.